स्वयंपाकघर वाढले, वायरिंग मागेच राहिले

पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर आणि मांजरी मागे टाकून लोणी काळभोरच्या हद्दीत शिरले, की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा परिसर किती पालटला याची साक्ष रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारतीच देतात. उसाचे फड मागे सरले, राजबागेत विद्यापीठ आले, तेल कंपन्यांच्या डेपोंभोवती टँकरांचा राबता वाढला. पुण्यात जागा परवडत नाही म्हणून कारकून, शिक्षक आणि कारखान्यांतील कामगार यांनी येथे आणि शेजारच्या कदमवाक वस्तीत बिऱ्हाडे थाटली. परंतु या पालटाची खरी खूण पाहावयाची असेल तर हमरस्ता सोडून गावठाणातील आणि गुंठेवारीच्या प्लॉटांवरील घरांच्या परसदारी जावयास हवे. जेथे पूर्वी पडवी होती तेथे आता ओटा आहे. न्हाणीघर आणि मूळ घर यांमधील बोळ पत्रे टाकून झाकला गेला आहे आणि तेथे फ्रीज, मिक्सर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि अलीकडे विजेची शेगडी मांडली गेली आहे. कोठे मुलाचे लग्न झाले म्हणून, कोठे दोन खोल्या भाड्याने द्यावयाच्या म्हणून स्वयंपाकघर मागे सरकले. ही वाढ स्वाभाविक आहे, किंबहुना मध्यमवर्गीय संसाराच्या बऱ्या दिवसांचे ते लक्षण आहे. प्रश्न एवढाच, की ओटा, फरशी आणि पत्रे यांचा हिशेब पै-पैने करणाऱ्या या घरांनी त्या खोलीतील विजेचा हिशेब कोणाकडे सोपविला?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ओळखीच्या वायरमनकडे. आणि तो काय करतो तेही ठाऊक आहे. जुन्या घरातील सर्वांत जवळचा दिव्याचा बोर्ड उघडून त्यातून दोन वायरी काढतो, भिंतीला भोक पाडून त्या पलीकडे नेतो आणि नव्या ओट्याच्या वर चार पॉइंट काढून देतो. मूळ वायरिंग साठ ते ऐंशीच्या दशकांतले असेल, तर ते बहुधा ॲल्युमिनियमच्या तारेचे असते, कारण त्या काळी तांबे महाग आणि दुर्मिळ होते. नवी वायर तांब्याची असते. या दोन धातूंचा नुसता पीळ घालून केलेला सांधा कालांतराने सैल होतो, गंजतो, तापतो. तो भिंतीच्या आत असल्यामुळे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दिव्यासाठी ओढलेली ती बारीक तार आता विजेची शेगडी आणि पाणी तापविण्याचे यंत्र असा चार-पाच हजार वॉटचा भार ओढू लागते. हे वीस अँपिअरच्या आसपास जाते. मूळचा सहा अँपिअरचा एमसीबी अर्थातच वारंवार पडू लागतो. गृहिणी तक्रार करते आणि वायरमन तो काढून त्या जागी बत्तीस अँपिअरचा बसवितो. तक्रार मिटते. परंतु त्याबरोबर त्या तारेचे संरक्षणही मिटते, हे तिला कोणी सांगत नाही. जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याची जी रीत होती तिचीच ही सुधारलेली आवृत्ती होय.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. आमच्या घरी एमसीबी आहेत, तेव्हा आम्ही सुरक्षित आहोत, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे म्हणतात. वस्तुतः एमसीबी हे तारेच्या रक्षणाचे साधन आहे, माणसाच्या रक्षणाचे नव्हे. तार तापून पेट घेऊ नये म्हणून ते योजलेले असते. ओल्या हाताने, अनवाणी पायांनी, ओलसर फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर दोनशे तीस व्होल्टला त्याच्यातून पाव अँपिअरहूनही थोडा कमी प्रवाह वाहील. एवढा प्रवाह काही क्षण टिकला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. सहा अँपिअरच्या एमसीबीला मात्र हा एखादा मध्यम आकाराचा दिवा लागल्यासारखा वाटेल. त्याची दखल घेण्याचे त्याला कारणच नाही. माणूस मरून पडला तरी एमसीबी खाली पडणार नाही, आणि यात त्या यंत्राचा दोष नाही. ज्या कामासाठी ते केलेलेच नाही ते काम आपण त्याच्यावर सोपवून निर्धास्त झोपतो.

मग अर्थिंगचे काय? तीन पिनांचा प्लग असतो, त्यातील जाड पिन जमिनीला जोडलेली असते, उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली की ती जमिनीत जाते आणि एमसीबी पडतो, असे आपण शाळेत शिकलो. हे तत्त्व बिनचूक आहे. परंतु ते आपल्या गावांत कितपत लागू पडते ते आकडे मांडून पाहू. घराच्या मागे पुरलेल्या अर्थिंगच्या नळीचा विरोध दहा ओहम आहे असे समजा. अनेक घरांत तो याहून पुष्कळ अधिक असतो. रोहित्राच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा विरोध दोन ओहम धरू. एकूण बारा. फ्रीजच्या अंगात फेज उतरली तर दोनशे तीस भागिले बारा, म्हणजे सुमारे एकोणीस अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. आता सोळा अँपिअरच्या एमसीबीचे प्रमाणित वर्तन असे, की अठरा अँपिअरपर्यंत त्याने तासभर पडता कामा नये आणि तेवीस अँपिअरला तासाभरात पडलेच पाहिजे. एकोणीस या दोहोंच्या मध्ये येतात. म्हणजे तो केव्हा पडेल, किंबहुना पडेल की नाही, याचीच शाश्वती नाही. आणि तोवर त्या फ्रीजच्या दाराची मूठ एकशे नव्वद व्होल्टवर उभी असेल. हे अर्थिंग असलेल्या घराचे चित्र आहे. या परिसरातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग ठीक लागते, पण वैशाखात तीच जमीन भेगाळते, नळीपासून सुटते आणि विरोध कित्येक पटींनी वाढतो, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावयास नको.

याहून भयंकर प्रकार आणखी एक आहे. अर्थिंगची नळी पुरण्याचा खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी काही वायरमन सॉकेटमधील अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. टेस्टरच्या दिव्याला सर्व काही यथास्थित दिसते. परंतु वादळात खांबावर न्यूट्रलची तार तुटली, की फेज घरातील दिव्यांतून आणि पंख्यांतून फिरून त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येते आणि तेथून फ्रीज, मिक्सर, शेगडी या सर्वांच्या धातूच्या अंगावर. उपकरण बिघडलेले नाही, तार उघडी पडलेली नाही, तरीही घरातील प्रत्येक धातूची वस्तू जिवावर उठते. ज्याला हे माहीत असूनही तो असे करतो त्याला वायरमन म्हणावे काय, हा प्रश्नच आहे.

या सर्वांवर उपाय नाही असे नाही. तो अर्धशतकाहून जुना आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत कामगार विजेने मरू लागले तेव्हा १९५०च्या दशकात तेथे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारी साधने योजिली गेली. ऑस्ट्रियात बीगेलमायर यांनी आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी त्याच सुमारास आणि नंतर याच दिशेने काम केले. माणसाचा हात किती प्रवाहाला तारेवरून सुटेनासा होतो याची मोजमापे डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर प्रयोग करून घेतली होती. आपल्याकडे आज या साधनाला आरसीसीबी म्हणतात, वायरमनच्या तोंडी मात्र अजून ईएलसीबी हेच जुने नाव आहे. त्याची कार्यपद्धती कचेरीतील रोकडवहीसारखी आहे. फेजने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअरचीही तूट आली, म्हणजे ती रक्कम कोणाच्या तरी शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेली, असे समजून तो वही बंद करतो. मोठी तूट असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. अर्थिंग सदोष असले तरी तो काम करतो. माणसाने फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले तर मात्र जमाखर्च जुळतो आणि तो निरुपयोगी ठरतो. वायर तापली तरीही त्याला पत्ता लागत नाही, म्हणून एमसीबी हवाच. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

मग लोणी काळभोरच्या त्या मागच्या स्वयंपाकघरात तो का नाही? यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत पुढे ६१-अ हा नियम घालण्यात आला आणि गळतीरोधक साधन अनिवार्य झाले. परंतु पाच किलोवॉटखालील छोट्या जोडण्या त्यातून वगळल्या गेल्या. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे सुरक्षा विनियम केले. त्यांत घरगुती जोडण्यांसाठी तीस मिलिअँपिअरची मर्यादा स्पष्ट घातली गेली, तथापि पाच किलोवॉटखालची सूट कायम राहिली. २०२३ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. परंतु त्या दीर्घकाळच्या सुटीचा जो संस्कार वायरमनांच्या दोन पिढ्यांवर व्हावयाचा तो होऊन चुकला आहे. छोट्या घराला हे लागत नाही, हे वाक्य आजही ऐकावयास मिळते. सूट देणाऱ्यांचा हेतू गरिबावर खर्चाचा बोजा पडू नये असा असणार, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परिणाम मात्र उलटा झाला. बंगल्यात अर्थिंग चांगले असते, वायर नवी असते, जमिनीवर लाकूड किंवा गालिचा असतो, आणि तेथे गळतीरोधक आला. पत्र्याच्या छपराखाली, ओल्या शहाबादी फरशीवर जी बाई अनवाणी उभी राहून मिक्सर लावते, तिला कायद्यानेच संरक्षणाच्या बाहेर ठेवले. तिचा भार पाच किलोवॉट भरत नव्हता, एवढाच तिचा अपराध.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. ग्राहकाच्या जागेत वापरण्यायोग्य अर्थचे टोक वीजपुरवठादाराने उपलब्ध करून द्यावे आणि राखावे, असे १९५६च्या नियमांतील तेहतिसावा नियम सांगत होता. २०१०च्या विनियमांनीही ते बंधन कायम ठेवले. पाच वर्षांहून अधिक काळ न जाऊ देता प्रत्येक जोडणीची तपासणी व्हावी, असेही त्या जुन्या नियमांतच म्हटले होते. या लेखाच्या वाचकांनी आपापल्या मीटरपेटीजवळ जाऊन ते अर्थचे टोक शोधावे आणि आपल्या घराची तपासणी शेवटची केव्हा झाली ते आठवून पाहावे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते तेव्हाही हे होत नव्हते आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आल्यावरही झाले नाही. लाखो जोडण्या आणि मूठभर विद्युत निरीक्षक, हे गणित कोणालाच सोडविता आलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु न सुटणारे गणित पुस्तकात तसेच छापत राहणे हाही काही उपाय नव्हे.

वाढीव स्वयंपाकघर तर या तिन्ही-चारी दरवाजांच्या मधल्या बोळात सापडले आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. पण पडवीत ओटा घातला म्हणून कोणी नवी जोडणी घेत नाही. बांधकामाची परवानगी देणारी यंत्रणा पूर्वी ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी कार्यालय होती, २०१५ पासून या पट्ट्यात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. परंतु मागच्या पत्र्यांसाठी परवानगी मागावयास जातो कोण? महावितरणची जबाबदारी मीटरपाशी संपते. विद्युत निरीक्षकाचा संबंध बहुधा अपघातानंतरच येतो. म्हणजे ज्या खोलीत पाणी, धातू, उष्णता आणि वीज चोवीस तास एकत्र नांदतात, नेमकी तीच खोली कोणाच्याच दप्तरी नाही. याच गावात तेलाचा टँकर रिकामा करण्यापूर्वी तो जमिनीशी तारेने जोडल्यावाचून नळीला हात लावला जात नाही. तेथील भय स्थिर विद्युतेच्या ठिणगीचे असते, हे खरे. परंतु जमिनीशी जोडणी म्हणजे काय हे ज्या गावातील शेकडो माणसांना रोजच्या कामामुळे ठाऊक आहे, त्याच गावातील ओट्यांवर ते कोणी विचारीत नाही, ही विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही.

याची किंमत कोणती ते पाहावयास फार दूर जावे लागत नाही. जून २०२४ मध्ये शेजारच्या दौंड तालुक्यातील दापोडी येथे कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरून एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. एकाला वाचवावयास दुसरा धावावा आणि तोही त्यात सापडावा, हे अशा अपघातांत वारंवार घडते. पत्र्याचे छप्पर, त्याला बांधलेली तार, जवळून गेलेली वीजवाहिनी, ही मांडणी या पट्ट्यातील हजारो घरांत जशीच्या तशी आहे. कोणाचा दोष किती याचा निवाडा चौकशीने करावयाचा. आपल्यापुरता मुद्दा असा, की घराचा पत्रा घरातूनच जिवंत होत असेल, तर घराच्या मीटरपाशी बसविलेला गळतीरोधक तो प्रवाह तोडू शकतो. खांबावरून आलेल्या वायरीचे आवरण घासून पत्र्याला वीज लागली, तर घरातले कोणतेही साधन ती थांबवू शकत नाही, कारण ती गळती मीटरच्या आधीच झालेली असते. म्हणून ती वायर पत्र्यापासून दूर, आधार देऊन नेणे यावाचून दुसरा मार्ग नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. यांत शेतात, खांबांवर आणि कारखान्यांत मेलेलेही आले. परंतु एवढी माणसे साथीच्या एखाद्या रोगाने मेली असती तर विधिमंडळात किती गदारोळ झाला असता, याची कल्पना करावी.

परदेशांत सारे आलबेल होते आणि आपणच मागे पडलो, असे मात्र नव्हे. ब्रिटनमध्ये २००४ साली जेनी टोंज या संसद सदस्येची कन्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मरण पावली. भिंतीत तिरपी नेलेली वायर, तीत घुसलेला स्क्रू आणि त्या स्क्रूवर अडकविलेली भांड्यांची धातूची मांडणी, एवढेच कारण झाले. गळतीरोधक नव्हता. घरगुती वीजकामाला इमारतीच्या नियमांखाली आणणारी तरतूद तेथे जानेवारी २००५ पासून लागू झाली आणि स्वयंपाकघरातील नव्या वीजकामाची सूचना स्थानिक प्राधिकरणाला देणे बंधनकारक ठरले. २०१३ मध्ये इंग्लंडात यांतील बरेच बंधन सैल करण्यात आले. तोवर २००८च्या वायरिंग नियमांनी सर्वसाधारण सॉकेटांना तीस मिलिअँपिअरचे संरक्षण सक्तीचे केले होते. अमेरिकेत ओट्यावरील सॉकेटांसाठी हीच सक्ती १९८७ साली आली. या इतिहासातून घ्यावयाचे ते एवढेच, की कागदावरील परवानगी सैल झाली तरी चालते, पण पेटीतील यंत्राची सक्ती सैल झाली नाही.

आपल्याकडे गळतीरोधकाविरुद्ध सर्वांत प्रबळ आक्षेप येतो तो नियमांचा नव्हे, सवयीचा. हा सारखा पडतो, असे म्हणून वायरमनच तो काढून टाकतो. का पडतो, हे फारसे कोणी पाहत नाही. बहुतेक वेळा त्याचे कारण घरातील इन्व्हर्टर असते. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले आणि ते बसविताना गळतीरोधकाच्या पुढचे आणि मागचे न्यूट्रल एकत्र बांधले गेले. साहजिकच एका मार्गाने गेलेला प्रवाह दुसऱ्या मार्गाने परततो आणि रोकडवही जुळत नाही. चूक न्यूट्रलची असते, शिक्षा गळतीरोधकाला होते. कधी जुन्या गीझरचे कॉइल झिरपत असते किंवा ओल्या भिंतीतील वायरचे आवरण कुजलेले असते. तेव्हा तर यंत्र खरेच बोलत असते. घरात कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलून द्यावे, तसा हा प्रकार होय. आणखी एक बाब: या साधनावर चाचणीचे एक बटण असते, ते काही महिन्यांनी एकदा दाबून यंत्र पडते की नाही ते पाहावयाचे असते. ते बटण कशासाठी आहे हे ज्यांच्या घरी ते आहे त्यांच्यापैकीही किती जणांना ठाऊक असेल?

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे, कारण स्वयंपाकघरातील विजेचा भार वाढविणे हे आता सरकारचेच धोरण आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विजेवरील स्वयंपाकाचा पुरस्कार करणारी मोहीम सुरू केली. २०२३ मध्ये एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी उपक्रमाने वीस लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला. आयात होणाऱ्या गॅसवरील अवलंबन कमी व्हावे, हा हेतू योग्यच आहे. परंतु शेगडी देताना ती ज्या सॉकेटात लावावयाची त्याची चौकशी करणे हा त्या कार्यक्रमाचा भाग असावयास नको काय? दोन हजार वॉटच्या शेगडीला स्वतंत्र, अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची आणि सोळा अँपिअरच्या सॉकेटची गरज असते. दिव्याच्या बोर्डातून काढलेल्या पॉइंटवर ती चालेल, पण किती दिवस?

उपाय योजावयाचा तर नव्या खात्याची किंवा नव्या समितीची गरज नाही. महावितरणने जुने मीटर काढून नवे बसविण्याचे काम राज्यभर हाती घेतले. त्या निमित्ताने कंपनीचा माणूस प्रत्येक घराच्या मीटरपेटीपाशी पोहोचतो, हे १९५६च्या नियमातील पंचवार्षिक तपासणीला कधी साधले नव्हते. त्याच भेटीत अर्थचे टोक आहे की नाही आणि गळतीरोधक आहे की नाही एवढ्या दोन नोंदी केल्या, तरी प्रत्येक गावाचे चित्र उघड होईल. ज्या घरात तो नाही तेथे मीटरच्या पुढच्या पेटीत तो बसवून किंमत देयकात हप्त्यांनी वसूल करता येईल. पडवीतील ओट्यावर जो ग्रॅनाइट बसविला जातो त्याच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ ठरते. ग्रामपंचायतीला वाढीव बांधकामाची घरपट्टी आकारताना ते बांधकाम दिसतेच. त्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा एक पानी चाचणी अहवाल मागावयास तिला कोण अडविते? आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वायरमन आणि इलेक्ट्रिशियन होऊ घातलेली मुले दर वर्षी बाहेर पडतात. त्यांना अर्थिंगचा विरोध मोजण्याचे यंत्र हाताळता येते. एका उन्हाळ्यात लोणी काळभोर, कदमवाक वस्ती आणि कुंजीरवाडी या गावांतील घरांच्या अर्थिंगचा विरोध त्यांच्याकडून मोजून घ्यावा आणि तो आकडा प्रत्येक मीटरपेटीवर रंगाने लिहावा. मोजणी वैशाखातच व्हावी, जमीन भेगाळलेली असताना.